चोवीसवी ओळ

गेल्या वर्षी आम्ही हळद पॉलिशचे दोन ढोल बनवून दिले आणि त्यांच्या बाराच्या बारा बेअरिंग गिऱ्हाइकाला फुकट गेल्या. फुकट द्यायचा कुणाचाच विचार नव्हता. कोटेशन मी काढलं होतं, लॅपटॉपवर, स्प्रेडशीटमध्ये. वस्तू, नग, वजन, भाव, सगळं रकान्यांत नीट मांडलेलं, तळाशी एकूण. एकूण टाकून झाल्यावर आठवलं की बेअरिंग राहिल्याच. मग एकूणच्या अगदी वर एक ओळ घुसवली, बारा नग, सात हजार चारशे रुपये लिहिले आणि प्रिंट काढली. बेरजेचं सूत्र मात्र चौथ्या ओळीपासून एकोणिसाव्या ओळीपर्यंतच चालत होतं. बेअरिंग होत्या विसाव्या ओळीत. कागदावर दिसत होत्या, बेरजेत नव्हत्या.

हे उघडकीला आलं तेव्हा ढोल टेम्पोत चढले होते. बाबा म्हणाले, "मले वाटलंच होतं, आकडा सात-आठ हजारानं हलका हाय."

"मग बोलला का नाहीत?"

"कम्प्युटरनं काढला म्हणलं. चुकत नसन."

नंतर वाचताना कळलं की या चुकीत माझ्यासोबत फार मोठी माणसं बसलेली आहेत. देशांवरचं कर्ज आणि त्यांची वाढ यांचा संबंध सांगणारा राइनहार्ट आणि रोगॉफ या अर्थतज्ज्ञांचा २०१० चा एक निबंध जगभर गाजला होता. २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या थॉमस हर्नडन नावाच्या विद्यार्थ्यानं त्यांची शीट उघडून पाहिली, तर सरासरीच्या सूत्रात पाच देशांच्या ओळी आल्याच नव्हत्या. त्यांचे देश सुटले, माझ्या बेअरिंग. तेवढाच दिलासा. सात हजार चारशे काही परत आले नाहीत.

आमचं दुकान हिंगणघाट आणि समुद्रपूरच्या मधल्या पट्ट्यात आहे, हायवे सोडून आत. बाबा वर्कशॉपला दुकानच म्हणतात. पत्र्याचं शेड, कोब्याची जमीन, दोन वेल्डिंग मशीन, एक ड्रिल, गॅस कटिंगचा सेट आणि कोपऱ्यात उरलेल्या लोखंडाचा ढीग. लेथचं काम हिंगणघाटहून करून आणतो. बाबा शिकले एका जिनिंगच्या वर्कशॉपात; ते जिनिंग बंद पडल्यावर घरासमोर वेल्डिंग मशीन टाकली. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, सकाळी आयटीआयमध्ये तासिका तत्त्वावर शिकवते आणि दुपारी दुकानात असते. इथला मूळ धंदा वखर, तिफण, ट्रॉलीचे डाले, दारं-खिडक्या. पण समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, कास्तकारांचे गट झाले, आणि शिजवून वाळवलेली हळद घासायला ढोल हवेत म्हणून माणसं येऊ लागली.

ढोल म्हणजे काही फार मोठं यंत्र नाही. जाळीच्या पत्र्याचा एक गोल पिंजरा, दोन्ही बाजूंना लोखंडी चकत्या, मधून शाफ्ट, खाली अँगलचा स्टँड. आत वाळलेली हळद टाकायची आणि फिरवायचं. हळकुंडं एकमेकांवर आणि जाळीवर घासतात, वरचं खरबरीत साल आणि मुळ्या झडतात, खाली भुसा पडतो. मोटर १४४० च्या वेगानं फिरते आणि ढोल हवा मिनिटाला तीस फेऱ्यांचा, नाहीतर हळकुंडं तुटतात. म्हणून आधी पट्ट्यानं चारपट उतरवायचं, पुन्हा चारपट, मग साखळीनं तीनपट. चार गुणिले चार गुणिले तीन, अठ्ठेचाळीस. १४४० भागिले अठ्ठेचाळीस बरोबर तीस. हे गणित बाबांनी कधी कागदावर केलेलं मी पाहिलं नाही, पण त्यांच्या पहिल्या ढोलाच्या पुल्या मोजल्या तर हेच निघतं.

बाबांचा हिशोब वजनाचा. मशीन डोळ्यांसमोर आणायची, साधारण किती किलो लोखंड जाईल ते सांगायचं आणि बनवलेल्या मालाच्या किलोच्या भावानं गुणायचं. त्या भावात लोखंड, रॉड, वीज, मजुरी, रंग सगळं आलं. मोटर आणि बेअरिंग वेगळी. एकदा एकानं विचारलं, याच्या दुप्पट हळद मावेल असा ढोल केवढ्याला पडेल? बाबा म्हणाले, दीडपट. मी मनात हसले होते. पुढं कधीतरी वाचलं की रासायनिक कारखान्यांचे अंदाज बांधणारे इंजिनीअर वर्षानुवर्षं एक ठोकताळा वापरतात: क्षमता जितकी पट वाढेल, त्याचा ०.६ चा घात घ्या, तितकी पट किंमत वाढते. दोनाचा ०.६ वा घात काढला. १.५२ आला. हसणं परत घेतलं.

तरी बेअरिंगच्या प्रकरणानंतर मी ठरवलं की शीट नव्यानं बांधायची, आणि अशी बांधायची की भाव एकाच जागी लिहावा आणि खाली सगळं आपोआप बदलावं. आमच्याकडे लोखंडाचा भाव नागपूरहून फोनवर येतो आणि कोटेशनची शाई वाळेपर्यंतही टिकत नाही.

वजनाची सूत्रं सोपी. एक मिलिमीटर जाडीचा एक चौरस मीटर पत्रा ७.८५ किलोचा, जाडीनं गुणत जायचं. गोल सळीसाठी व्यास मिलिमीटरमध्ये घ्यायचा, वर्ग करायचा, १६२ नं भागायचं, मीटरला किती किलो ते निघतं. आयटीआयमध्ये पोरं हे पाठ करतात, पण १६२ कुठून आला ते विचारलं की गप्प होतात. त्यात गूढ काही नाही. वर्तुळाचं क्षेत्रफळ काढताना π चे चार भाग करतो, त्याला लोखंडाच्या घनतेनं गुणलं आणि एकक जुळवली की ०.००६१६५ येतं, आणि एकाला त्यानं भागलं की १६२. चाळीस मिलिमीटरचा शाफ्ट म्हणजे १६०० भागिले १६२, मीटरला पावणेदहा किलोच्या थोडा वर. ४०-४०-५ चा अँगल मीटरला तीन किलो. बाबा हेच फुटात आणि सुतात बोलतात. आठ सूत म्हणजे एक इंच. दुकानात दोन्ही भाषा चालतात आणि दोन्हींत चुका होतात.

दसऱ्याच्या सुमारास पाच ढोलांची चौकशी आली. गटाचे अध्यक्ष काकाजी स्वतः आले, खाटेवर बसून चहा घेतला, म्हणाले, हळद निघायच्या आत पाहिजेत, कागद नीट बनवून द्या, गटाच्या मीटिंगमध्ये ठेवायचा आहे. मी रात्री शीट उघडली.

चकत्यांपाशी अडले. एका ढोलाला दोन, पाच ढोलांना दहा. व्यास ९०० मिलिमीटर, पत्रा ३ मिलिमीटर. एका चकतीचं वजन पंधरा किलो, दहांचं दीडशे. लिहून टाकलं. मग वाटलं, चकती कुणी गोल विकत नाही. ती चौरसातून कापायची. ९०० बाय ९०० चा चौरस एकोणीस किलोचा. प्रत्येक चकतीमागं चार किलो कोपऱ्यात जातं. वर्तुळ आणि त्याच्या भोवतीचा चौरस यांच्यातला हा फरक साडेएकवीस टक्के, चकती लहान असो की मोठी. दीडशेचे एकशे एक्याण्णव झाले. मग वाटलं, चौरस तरी कोण विकतं? पत्रा येतो १२५० बाय २५०० चा. रुंदीत एकच चकती बसते, लांबीत दोन. म्हणजे एका पत्र्यात दोन, दहा चकत्यांना पाच पत्रे. एक पत्रा साडेत्र्याहत्तर किलोचा. पाचांचे तीनशे अडुसष्ट.

दीडशे, एकशे एक्याण्णव, तीनशे अडुसष्ट. तीनही आकडे खरे. चकतीत जातं ते पहिलं, कापताना लागतं ते दुसरं, आणि बिल येतं ते तिसऱ्याचं. उरलेल्या तुकड्यांतून मोटरची बैठक निघते, पट्ट्यावरचं गार्ड निघतं, कोपऱ्याचे त्रिकोण स्टँडच्या सांध्याला टेकू म्हणून लागतात. ते वजा कसे धरायचे हा वाद वेगळा. मी निम्मे वजा धरले आणि सकाळी बाबांना दाखवलं.

त्यांनी स्क्रीनकडं पाहिलं. "पाच पत्रे कायले?"

मी समजावलं. ते उठले, खडू घेतला आणि कोब्यावर पत्र्याच्या मापाची चौकट आखली. खिळा, दोरी, आणि पहिला गोल अगदी कोपऱ्याला चिकटवून. दुसरा त्याच्या शेजारी सरळ न काढता समोरच्या काठाला सरकवून काढला, तिरपा. त्यामुळं तो पहिल्याच्या थोडा पोटात शिरला. तिसरा पुन्हा अलीकडच्या काठाला. तिसऱ्या गोलाची कड चौकटीच्या बाहेर गेली. टेप लावला. सव्वादोन इंच.

"सव्वादोन इंचासाठी एक अख्खा पत्रा आणतं का कोणी?" मग माझ्याकडं वळून, "हे नऊशे कोणं सांगलं तुले?"

कुणीच सांगितलं नव्हतं. काकाजींनी हळद किती मावली पाहिजे ते सांगितलं होतं. जुना ढोल तीन फुटांचा होता, त्याच्या जवळचा गोल आकडा म्हणून मी नऊशे टाइप केलं होतं. शीटच्या त्या एका घरावर, म्हणजे सेलवर, निम्मी शीट उभी होती; सगळी सूत्रं त्याच्याकडं बघत होती आणि ते घर मात्र कुठल्याच सूत्राकडं बघत नव्हतं.

मी नऊशेच्या जागी ८८० टाकलं आणि तिरप्या मांडणीचं गणित कागदावर केलं. गॅस कटिंगची फट तीन मिलिमीटर धरूनही तीन चकत्यांना २४८४ मिलिमीटर लांबी लागते. पत्रा २५०० चा. बसतात. दहा चकत्यांना चार पत्रे पुरतात, वर दोन चकत्यांची जागा उरते. ढोल लहान झाला म्हणून आतली जागा साडेचार टक्क्यांनी घटली, ती भरून काढायला लांबी साडेपाच सेंटीमीटर वाढवली. जाळी थोडी जास्त लागली, शाफ्ट अर्ध्या किलोनं वाढला. त्या आठवड्याचा भाव किलोला बासष्ट रुपये होता. वाचलेला एक पत्रा जीएसटी धरून पाच हजार चारशेच्या जवळ गेला.

जीएसटी धरून, कारण आमचं दुकान कंपोझिशनमध्ये आहे. उलाढालीवर एक टक्का कर भरायचा, गिऱ्हाइकाकडून वेगळा घ्यायचा नाही, आणि लोखंडावर भरलेले अठरा टक्के परत मागायचे नाहीत. आमच्यासाठी तो कर नाही, लोखंडाचाच भाव. नागपूरच्या मोठ्या कारखान्याचं कोटेशन समोर ठेवून "त्यांचं लोखंड स्वस्त कसं" म्हणणाऱ्यांना मी आता हे सांगायचं सोडून दिलंय.

स्प्रेडशीटच्या जन्माची गोष्ट मला त्या दिवशी आठवली. डॅन ब्रिकलिन हार्वर्डमध्ये शिकत असताना फळ्यावर मांडलेल्या आकड्यांत एक बदलला की पुढचे सगळे पुसून पुन्हा लिहावे लागतात हे पाहत होता. फळाच आपोआप बदलला तर, असं त्याच्या डोक्यात आलं आणि बॉब फ्रँक्स्टनसोबत १९७९ मध्ये त्यानं व्हिजिकॅल्क बाजारात आणलं. खडूला कंटाळून निघालेली वस्तू ती. आमच्याकडं तिला खडूनंच दुरुस्त केलं. ते गोल अजून कोब्यावर पुसट दिसतात, वरून ट्रॉलीचं चाक गेलंय तरी.

मजुरीत मात्र भांडण झालं नाही. पहिल्या ढोलाला आठ दिवस लागले होते, म्हणून मी पाचांना चाळीस दिवस लिहिले. बाबा म्हणाले, "पहिल्याले आठ. पाचव्याले पाच लागन." विमानांच्या कारखान्यांतला खर्च तपासून टी. पी. राइट यांनी १९३६ मध्ये हेच मांडलं होतं: नग दुप्पट झाले की नगामागची मजुरी साधारण वीस टक्क्यांनी उतरते. त्या हिशोबानं आठ, सहा पॉइंट चार, मग साडेपाचच्या वर, मग पाचच्या वर, आणि पाचव्याला पावणेपाच. बेरीज तीस दिवस. चाळीसचे तीस केले. फक्त यात लाइट जाणं धरलेलं नाही, आणि ते धरायचं सूत्र राइट साहेबांकडंही नाही. मी दोन दिवस वाढवले.

बाकीचं पटपट झालं. दहा नंबरचे रॉड, कटिंग व्हील, रेड ऑक्साइड, ऑक्सिजनचं सिलिंडर, टेम्पो, लेथवाल्याचं बिल. चहाची ओळ मी हट्टानं ठेवली. महिनाभरात चहा किती होतो ते एकदा लिहून पाहावं, मग हसावं. बेरजेचं सूत्र या वेळी वर एक आणि खाली एक अशा दोन रिकाम्या ओळींपर्यंत ताणलं, म्हणजे मधे काहीही घुसवलं तरी सुटणार नाही.

वर वीस टक्के नफा. आणि इथं घासाघीस आली. आमच्या भागात कोटेशन म्हणजे बोलणीची सुरुवात. काकाजी म्हणाले असते, "चला, वीस टक्के कमी करा," आणि आपल्याला वाटलं असतं, नफा सोडला, पण मुद्दल तर सुटली. सुटत नाही. शंभराचे एकशे वीस होतात, आणि एकशे वीसचे वीस टक्के म्हणजे चोवीस. हातात शहाण्णव. वर चढताना आणि खाली उतरताना टक्का एकाच आकड्याचा नसतो. हे मी आयटीआयच्या पोरांना फळ्यावर दाखवते, तेव्हा ज्यांच्या घरी किराणा दुकान आहे ती आधी मान हलवतात.

आकडा चार लाखांच्या आसपास आला. निम्मे आगाऊ, निम्मे नंतर. नंतर म्हणजे कधी हे कोणी विचारत नाही, सगळ्यांना माहीत असतं. ढोल जातील डिसेंबरात. हळद निघेल, शिजेल, वाळेल, घासली जाईल, बाजारात जाईल, पट्टी होईल, मग गटाच्या खात्यात पैसे येतील, मग आमच्याकडं. एप्रिल धरा, मे धरा. आम्हाला लोखंडवाला पंधरा दिवसांच्या वर थांबत नाही. मधल्या पाच महिन्यांचे दोन लाख कुठून तरी आणायचे, आणि आमच्याकडं ते महिन्याला शेकडा दीड रुपयानं येतात. पाच महिन्यांचे साडेसात टक्के. पंधरा हजार रुपये.

खडूनं वाचवले पाच हजार चारशे. थांबण्यात जाणार पंधरा हजार. मी चोवीसव्या ओळीत लिहिलं: थांबण्याचा खर्च.

बाबांनी शीटवर पहिल्यांदा बोट ठेवलं ते तिथं.

"हे काय?"

सांगितलं.

"माणसाच्या शब्दाले व्याज लावतं का कोणी?"

"आपल्याला लागतं ना. आपण देतो."

"आपण देतो ते आपलं हाय. त्यानं काहून द्यावं?"

मग त्यांनी जुनं काढलं. जिनिंग बंद पडलं त्या सालची गोष्ट. घरात काही नव्हतं, पहिली ट्रॉली बांधायला घेतली होती, आणि या काकाजींच्या वडिलांनी दोन चुंगड्या ज्वारी आणून टाकली होती, ट्रॉली झाल्यावर वळती करून घेऊ म्हणून. "मंग त्यायनं कधी वळती केलीच नाई. त्याचं व्याज मांड तुह्या शीटमंदी. किती होते सांगजो."

माझ्याकडं उत्तर नव्हतं असं नाही. सत्तावीस वर्षांचं चक्रवाढ व्याज काढायला एक घर पुरतं. मी काढलं नाही. पण पंधरा हजारही काही खोटे नव्हते, आणि मागच्या बेअरिंगसारखे ते माझ्या गहाळपणानं जाणार नव्हते, डोळ्यांदेखत जाणार होते. त्या दिवशी आम्ही दोघं जेवताना कापसाच्या भावावर बोललो. वीस मिनिटं. आमच्या वावरात या साली कापूस नाहीच.

रात्री मी पुन्हा शीट उघडली. ओळ काढून टाकायला गेले आणि हात थांबला. शीटमध्ये ओळ खोडायचा पर्याय असतो, तसा लपवायचाही असतो. लपवलेली ओळ दिसत नाही, छापून येत नाही, पण बेरजेचं सूत्र तिला सोडत नाही; आकडा तसाच मोजला जातो. मी चोवीसव्या ओळीवर उजवं बटण दाबलं आणि ती लपवली. एकूण तेवढंच राहिलं. काकाजींना जो कागद जाणार होता त्यावर व्याजाचं नाव नव्हतं. बाबांचं मन राहिलं, माझे पंधरा हजार राहिले. स्वतःवर जराशी खूशही झाले.

सकाळी बाबा दुकान उघडायच्या आधी चष्मा लावून लॅपटॉपसमोर बसले. ते शीट वाचत नाहीत, मोजतात; शिडीच्या पायऱ्या मोजाव्यात तसे डाव्या कडेच्या आकड्यांवरून बोट खाली नेतात. मी चहा घेऊन उभी होते. बोट वीसवर आलं, एकवीस, बावीस, तेवीस. मग थांबलं. एक घर वर गेलं, पुन्हा खाली आलं.

"काहून वं पोरी," ते म्हणाले, "तेवीसच्या मागं पंचवीस कसा काय आला?"